आयटी बँड दुखत असताना पहिली फुल मॅरेथॉन

टाटा मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे ४२.१९५ किमी, यंदा जानेवारीत पहिल्यांदा पूर्ण केली, आणि डाव्या पायाचा आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाचा गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा, सप्टेंबरपासून दुखत असताना केली. सविस्तर लिहितेय कारण दुखायला लागलं तेव्हा मी मराठीत शोधत होते आणि जे सापडत होतं ते एक तर ‘संपूर्ण विश्रांती घ्या’ नाहीतर ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’. मला यातलं एकही नको होतं. किती दुखलं तर पळायचं, किती दुखलं तर थांबायचं, चालायचं कुठे, गोळी घ्यायची का नाही, एवढं साधं कोणीतरी सांगायला हवं होतं. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, ठाण्यात राहते, आणि खाली जे काही आहे ते माझ्या फिजिओ मॅडमनी शिकवलेलं आणि मी अंगावर करून बघितलेलं आहे.

सुरुवात साताऱ्याला झाली. सातारा हिल हाफ मॅरेथॉन, २०१२ पासून होतेय ती, पावसाळा सरता सरता असते, गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून तोच घाट उतरत परत यायचं. ज्यांनी केलीय त्यांना माहितीये, धुकं, भुरभुर पाऊस, खाली सातारा मधेच दिसतं मधेच गायब होतं, आणि सातारकर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरचं कार्य असल्यासारखे उभे असतात. चढताना मला काहीही झालं नाही, उलट मस्त चढले. उतरताना निम्मा घाट संपला आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागलं. वाटीत नाही, वाटीच्या खाली नाही, अगदी बाहेर, बोटाचं टोक ठेवता येईल एवढ्याच जागेत. रेस पूर्ण झाली, मेडल गळ्यात पडलं, आणि दुपारी लॉजचा जिना उतरताना पाय वाकवला की जीव जात होता. सपाटीवर चालताना काही नाही, जिना चढताना काही नाही, फक्त उतरताना.

घरी येऊन थोडे दिवस पूर्ण थांबले, दुखणं गेलं, म्हणून ठाण्यातच उपवनला पळायला गेले तर पहिले तीन-चार किलोमीटर छान आणि मग अचानक त्याच जागी तेच टोचणं. चालायला लागलं की दोन मिनिटांत कमी, पळायला लागलं की परत. नंतर कळलं की आयटी बँडची हीच ओळख आहे, ते पहिल्या पावलाला दुखत नाही, ठरावीक अंतरानंतर दुखतं, त्यामुळे रोज सकाळी माणसाला वाटतं की आज बरं आहे.

रनिंग ग्रुपमधल्या एकीने तिच्या फिजिओकडे पाठवलं. मॅडमनी मला टेबलवर झोपवलं, गुडघा वाकवला, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर अंगठा दाबून धरला आणि पाय हळूहळू सरळ करायला लागल्या. जवळजवळ सरळ होत आला, म्हणजे तीसेक अंशांवर, आणि मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, ‘हं, इथेच.’ पळताना पाय जमिनीवर पडतो तेव्हा गुडघा साधारण तेवढाच वाकलेला असतो, म्हणजे प्रत्येक पावलाला ती जागा दाबली जाते. आयटी बँड म्हणजे खुब्यापासून मांडीच्या बाहेरच्या अंगाने खाली येऊन गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला चिकटणारा जाड, चिवट पट्टा. पूर्वी म्हणायचे तो हाडावर पुढेमागे घासतो म्हणून दुखतं, आता जास्त करून असं मानतात की तो खालच्या चरबीच्या नाजूक थराला दाबतो आणि दुखतं ते तिथे. आणि उतारावर पाऊल जोरात आणि लांब पडतं, गुडघा त्याच कोनात जास्त वेळ भार घेतो, म्हणून उतार वाईट.

मग त्यांनी मला आरशासमोर एका पायरीवर उभं केलं. डाव्या पायावर सगळं वजन, उजवी टाच सावकाश खाली टेकवायची आणि परत वर. एवढंच. उजव्या पायावर उभं राहून केलं तर ठीक. डाव्यावर केलं तर गुडघा आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही आत पडत होता आणि उजवीकडची कंबर खचत होती. मला स्वतःला दिसत होतं आरशात आणि थांबवता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, दुखतंय गुडघ्यात पण काम कमरेत आहे. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडतायत, कंबर झुकते, पट्टा ताणला जातो, भोगतो गुडघा.

मी म्हटलं, मॅडम, जानेवारीत माझी फुल आहे. त्या म्हणाल्या, ‘आधी जिना उतरून दाखवा, मग जानेवारीचं बोलू.’

फुलची एंट्री अशी सहज मिळत नाही, हाफचं टायमिंग सर्टिफिकेट लावावं लागतं, ते सगळं करून मिळालेली होती आणि मला ती सोडायची नव्हती. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘मॅरेथॉन काय पळून चाललीय का, पुढच्या वर्षी कर.’ त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मी एक्केचाळीस वर्षांची आहे, लेक यंदा आठवीत आहे, पुढची दोन वर्षं मला पहाटे साडेचारला घराबाहेर पडायला किती मिळणार हे मला माहीत होतं. मॅडमना मी हे जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या करू, पण नियम माझे.

नियम असे होते. शून्य ते दहा मध्ये दुखणं मोजायचं. तीनपर्यंत पळायचं. तीनच्या वर गेलं की चालायचं, खाली आलं की परत पळायचं. दुसरं, दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगचा जिना उतरायचा, लिफ्ट नाही, आणि कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं, मग आज सुट्टी आणि पुढचा रन कमी. आणि तिसरा नियम सगळ्यांत कडक, आकडा कितीही असो, लंगडायला लागले की त्या क्षणी थांबायचं. दोनवर लंगडत असाल तरी थांबा. कारण लंगडत पळालं की दुसरा खुबा, पोटरी, तळपाय, काहीतरी नवीन जातं आणि मग एकाच्या दोन दुखापती होतात. हा तिसरा नियम मला सुरुवातीला नीट कळला नव्हता, आकड्यावर लक्ष असायचं, पण नंतर सगळ्यांत उपयोगी तोच पडला, कारण दुखणं किती आहे याबद्दल मन वाटेल ते सांगतं, चाल बदलली आहे का हे मात्र शेजारी पळणाऱ्यालाही दिसतं. मी मैत्रिणीला सांगूनच ठेवलं होतं, मी वाकडी पळायला लागले तर ओरड.

व्यायाम रोज. क्लॅमशेल (कुशीवर झोपून, गुडघे वाकवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा), कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, साइड प्लँक, गुडघ्यांच्या वर रबर बँड लावून खेकड्यासारखं आडवं चालणं, आणि तीच पायरी. पायरीचं मी जास्त लिहिणार आहे कारण माझ्यासाठी खरा फरक तिनेच पाडला. स्वयंपाकघराच्या दारात लाकडी पाट ठेवला होता, समोर फ्रिजचा काळा चकचकीत दरवाजा, त्यात गुडघा दिसतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत डावा पाय पाटावर आणि उजवी टाच खाली-वर, एकच बघायचं की गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का. पहिले दोन आठवडे नाहीच राहिला. चार-पाच वेळा नीट, मग थरथर, मग आत. दिवाळीच्या सुमारास एकदा फराळाचं करताना सहज पाटावर चढून केलं आणि लक्षात आलं की गुडघा सरळ खाली जातोय, कंबर हलत नाहीये. सासूबाई चकल्या पाडत होत्या, त्यांना दाखवलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘हो गं, आधी वाकडा जायचा.’ त्यांनाही दिसत होतं तर इतके दिवस!

फोम रोलरबद्दल, म्हणजे स्नायूंवर फिरवायच्या त्या फोमच्या लाटण्याबद्दल, सगळे विचारतात. मॅडमचं म्हणणं की तो पट्टा इतका चिवट आहे की रोलर फिरवून लांब होत नाही, बाजूच्या स्नायूंना बरं वाटतं तेवढ्यासाठी फिरवा, दुखऱ्या जागेवर फिरवू नका. मी तसंच केलं.

पळण्यात दोन बदल केले. एक, पावलं छोटी आणि जास्त. माझी मिनिटाला साधारण १६० पावलं पडायची, ती मेट्रोनोमच्या ॲपवर १७० च्या आसपास नेली, वेग तोच ठेवून. पाऊल शरीराच्या पुढे लांब न पडता खाली पडतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. सुरुवातीला कानात ते टिकटिक ऐकून डोकं उठायचं, नंतर सवय झाली. दुसरं, रस्त्याच्या मधून पळायचं. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जायला, आणि मी कायम डाव्या कडेने पळायचे, म्हणजे डावा पाय कायम खालच्या बाजूला. हे मला कधी सुचलंच नसतं. घोडबंदर रोडला मधून पळणं अर्थातच शक्य नाही, त्यामुळे लाँग रन उपवनच्या आसपास पहाटे रस्ते रिकामे असताना, आणि येऊर पूर्ण बंद. येऊरचा चढ माझा आवडता, पण चढलं की उतरावं लागतं.

पाय जमिनीवर न टेकवता दम टिकवायला पालिकेच्या तरणतलावात कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात पळायचे. पाण्यात पळणं भयंकर कंटाळवाणं असतं. पण त्यानेच दम राहिला, कारण फुलच्या प्लॅनमध्ये लोक ३०-३२ किमीपर्यंत लाँग रन नेतात, मला मॅडमनी २६ च्या पुढे जाऊच दिलं नाही. आणि तेसुद्धा चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं पहिल्या किलोमीटरपासून. ही पद्धत अमेरिकेच्या जेफ गॅलोवे या ऑलिंपिक धावपटूने सत्तरच्या दशकात रूढ केली. याचं मर्म पहिल्यापासून चालण्यात आहे. दुखायला लागल्यावर चालायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो, न दुखता चाललं तर दुखणं पुढे ढकललं जातं. ग्रुपमधल्या काहींना हे पटलं नाही, चालत केलेली मॅरेथॉन ती काय मॅरेथॉन असं एक-दोघं म्हणाले. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. अंतर तेच आहे, रस्ता तोच आहे, ऊन तर जास्तच लागतं कारण तुम्ही जास्त वेळ रस्त्यावर असता.

गोळीचं. रेसच्या आदल्या आठवड्यात किमान पाच जणांनी पेनकिलरची नावं सुचवली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आधीही नाही आणि मध्येही नाही. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन तासन्‌तास घाम गाळला तर मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि दुसरं म्हणजे माझे तिन्ही नियम दुखणं कळण्यावर उभे होते, तेच बधिर केलं तर मी थांबणार कशावरून. वाटेत स्प्रे घेऊन उभी असलेली मुलं असतात, ते मारून घ्यायला हरकत नव्हती, थंड वाटतं, पण दुखणं कुठे जात नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी कागदावर लिहून घेतली माझ्याकडून. बाहेर पडायच्या जागा. वरळी, माहीम, शिवाजी पार्क, हाजी अली. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर स्वतःला विचारायचं, चाल सरळ आहे का? नसेल तर तिथूनच टॅक्सी, आणि नवरा फोनवर. हे लिहिताना मला रडू आलं होतं, वाटलं आपण आधीच हरतोय. पण रेसच्या दिवशी त्यानेच डोकं शांत राहिलं. अख्ख्या ४२ चा निर्णय एकदम घ्यायचाच नव्हता, पुढच्या जागेपर्यंतचा घ्यायचा होता.

मॅरेथॉनसाठी सोडलेली लोकल पकडून पहाटे सीएसएमटीला पोचलो. डब्यात सगळे बिब लावलेले, केळी खाणारे, व्हॅसलिन चोळणारे, आणि स्टेशनातून बाहेर आलं की दिव्यांनी उजळलेली ती इमारत. पहिले किलोमीटर अंधारात, नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह, सगळे पुढे निघून जात होते आणि मी चार मिनिटांनी घड्याळ वाजलं की डावीकडे सरकून चालत होते. दोन-तीन जणांनी पाठीवर थाप मारली, ताई, चलो चलो, इतक्यात थकून कसं चालेल. मी हसून हात केला.

पेडर रोडचा चढ सगळ्यांना माहीत असतो. फुल करणारा प्रत्येक जण पहिल्यांदा जाताना आणि मग परतीला ३५ किमीच्या आसपास लागणाऱ्या त्या चढाबद्दलच बोलतो. माझ्यासाठी चढ म्हणजे आराम होता आणि भीती पलीकडच्या उताराची. जाताना हाजी अलीकडे उतरतो तो सगळा उतार मी चालले, छोटी छोटी पावलं, रस्त्याच्या बरोबर मधून. दुखणं शून्य. वरळीला शून्य.

सी लिंकवर उजाडलं. उजव्या हाताला माहीमच्या खाडीपलीकडे बिल्डिंगांच्या मागून आकाश केशरी झालं आणि पुलावर प्रेक्षक नसतात त्यामुळे फक्त पावलांचा आवाज, हजारो पावलांचा. तिथे पहिल्यांदा टोचलं. एक. मग दोन. पुलावरून बांद्र्याकडे उतरताना तीन. चालले. परत दोन. माहीमला विचारलं, चाल सरळ आहे का? मैत्रीण मागून म्हणाली सरळ आहे, जा.

शिवाजी पार्कला काय माणसं! संत्र्याच्या फोडी, चिक्की, पार्ले-जी, मीठ-लिंबू, एक आजोबा बादलीतून मगाने पाणी पायावर घालत होते, लहान मुलं हात पुढे करून टाळ्या घेत होती आणि ‘काकू, भारी!’ म्हणून ओरडत होती. सासूबाई दादरच्या मावशींबरोबर फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आणि पहिला प्रश्न, ‘गुडघा?’ मी म्हटलं, दोन. त्या मावशींकडे वळून म्हणाल्या, ‘दोन आहे, पळू शकते.’ तीन महिने घरात तेच आकडे ऐकून त्यांनाही ते पाठ झाले होते. त्यांनी हातात खजूर दिला, मी पुढे निघाले.

प्रभादेवीच्या आसपास मागून गाडीचा हॉर्न आला आणि एलिट, म्हणजे जिंकायला आलेले अव्वल धावपटू, पुरुष गेले. ते आमच्यानंतर दोन तासांहून जास्त उशिरा सुटतात आणि तरी गाठतात. या रेसचा विक्रम इथिओपियाच्या हायले लेमी बेर्हानूचा आहे, २०२३ मधला, २:०७:३२. टीव्हीवर तो वेग कळत नाही. काही सेकंदच दिसले, पण मी फक्त त्यांच्या कमरा बघितल्या. चड्डीचा इलॅस्टिक पट्टा अख्खा वेळ आडवा, पाणी ठेवलं तरी सांडणार नाही असा, आणि खाली पाय चाकासारखे. पायरीवर मॅडम जे मला आरशात दाखवत होत्या ते हे होतं. पुढचे कितीतरी किलोमीटर मी माझ्या कमरेवर लक्ष ठेवून पळाले.

हाजी अलीला तीन होतं, ऊन चढलं होतं, इलेक्ट्रलची शेवटची बाटली संपली होती. कागदावरची ही शेवटची जागा. मी थांबून दोन्ही पायांवर नीट उभी राहिले, दहा पावलं चालून बघितलं. सरळ. पेडर रोड चढताना आजूबाजूचे बहुतेक सगळे चालत होते आणि मी तिथे पळत होते, पूर्ण रेसमध्ये पहिल्यांदा मी लोकांना मागे टाकत होते! बाल्कन्यांमधून लोक टाळ्या वाजवत होते. प्रभुकुंजसमोरून जाताना नकळत मान वर गेली, लताबाईंचं घर, आपल्याकडचा कोणीही तिथून मान वर न करता जाऊ शकत नाही. आणि मग केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून चौपाटीकडे उतार. तिथे चार झालं. एक पाऊल, दुसरं, तिसऱ्याला मला जाणवलं की मी डावा पाय बाहेर फेकतेय. थांबले. रेलिंगला धरून उभी राहिले. स्प्रेवाला मुलगा धावत आला, काकू मारू का, म्हटलं नको, थोडं उभं राहू दे. नियम नियम होता आणि मी मनातल्या मनात नवऱ्याला फोन लावत होते. पण चालून बघितलं तर चाल सरळ होती, लंगड फक्त पळताना येत होती. मग तो उतार संपेपर्यंत चालले, मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर एक मिनिट पळून बघितलं, तीन, चाल सरळ. मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं चर्चगेटपर्यंत. मरीन ड्राइव्ह त्या उन्हात संपता संपत नाही. डावीकडे बिल्डिंगा, उजवीकडे समुद्र, आणि समोर तोच वळणाचा रस्ता. एक काका बाजूला आले, त्यांच्या पोटरीत गोळे येत होते, आम्ही दोघं काही न बोलता बराच वेळ बरोबर चाललो.

सहा तासांच्या आत पूर्ण झाली. शेवटचं अंतर पळत गेले, सरळ चालीने. नवऱ्याने काढलेल्या व्हिडिओत मी पहिली गोष्ट तपासली ती हीच.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाच होतं, चौथ्या दिवशी दोन. दहा-बारा दिवसांनी मॅडमनी परत टेबलवर तो अंगठा दाबला, दुखलं पण ओरडले नाही. आरशात डावी बाजू अजूनही उजवीपेक्षा कमी आहे, त्यामुळे पाट अजून स्वयंपाकघराच्या दारातच आहे आणि पळणं फक्त सपाटीवर, थोडं थोडं. ज्यांना व्यायामांचे सेट आणि रेपिटिशन हवे असतील त्यांनी विचारा, मी पाठवते, पण आधी कोणालातरी गुडघा दाखवा. बाहेरच्या बाजूला दुखणारं सगळंच आयटी बँड नसतं, बाहेरच्या मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीची, चीरही तिथेच दुखते, आणि त्यात गुडघा अडकत असेल किंवा सुजत असेल तर माझे हे नियम तुमच्या कामाचे नाहीत.